बांध नसलेलं शिवार: इंग्लंडमधलं लॅक्स्टन

नोव्हेंबर संपत आला की इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यात एका गुरुवारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसतात आणि गव्हाच्या शेताकडे निघतात. हवा बोचरी, पायाखाली चिकणमातीचा चिखल. ट्रॉलीत लाकडी खुंट्यांचा भारा आणि ठोकायला मोठा हातोडा. गहू नुकताच उगवून वर आलेला. शेताला लागून शेत, त्याला लागून तिसरं, आणि मध्ये काहीच नाही. बांध नाही, कुंपण नाही, तार नाही. नजर पोचेल तिथवर एकसंध हिरवं शिवार, पण ते एका मालकाच्या वहिवाटीचं नाही. ट्रॉलीतली माणसं खाली उतरतात, कुणाचा नांगर शेजाऱ्याच्या जमिनीत किंवा रस्त्यात घुसलाय का ते बघतात, हद्दीवर खुंटी ठोकतात, कुणी चुकलेलं दिसलं तर लिहून घेतात आणि पुढच्या पट्ट्याकडे जातात.

हे गाव लॅक्स्टन. एके काळी मध्य इंग्लंडमधली हजारो गावं अशीच शेती करत होती. उघडं, बिनबांधाचं शिवार, त्यात सगळ्यांचे विखुरलेले पट्टे, आणि कधी काय पेरायचं, जनावरं कधी सोडायची हे गावानं मिळून ठरवायचं. आता गावच्या पंचांच्या देखरेखीखाली, कोर्टासकट, अशी शेती चालते ती फक्त इथे. डेव्हनमधल्या ब्राँटनला किंवा लिंकनशरच्या ॲक्सहोम भागात जुने उघडे पट्टे अजून दिसतात, पण तिथे सामाईक कारभार उरलेला नाही. लॅक्स्टनमध्ये तो उरलाय, आणि मला या गावाचं अप्रूप आहे ते त्यासाठीच.

गाव तसं लहान, वस्ती काही शे माणसांची. नॉटिंगहॅम शहराच्या ईशान्येला, रॉबिन हूडमुळे आपल्याला माहीत असलेल्या शेरवुडच्या जंगलाच्या पूर्वेला. एक मुख्य रस्ता, एक चर्च, डव्हकोट नावाचा एक पब. पण रस्त्यावरून चालताना एक गोष्ट डोळ्यांत भरते: इथली शेतघरं गावातच आहेत. लाल विटांची, कौलारू, बरीचशी 18 व्या शतकातली. पुष्कळ घरांची आखूड बाजू रस्त्याकडे आणि लांब बाजू आत गेलेली. शेजारी अंगणात शिरायची वाट, आत गोठे, कोठारं, आणि त्यामागे लांबट परसू.

यात एवढं विशेष काय, असं आपल्याला वाटेल. आपल्याकडे गावठाणात घरं आणि भोवती शिवार हेच चित्र असतं. पण इंग्लंडचा ग्रामीण भाग आगगाडीच्या खिडकीतून पाहिलेला माणूस वेगळं चित्र सांगेल: हिरव्या झुडपांच्या कुंपणांनी आखलेले चौकोन आणि आपापल्या चौकोनात एकटी उभी असलेली शेतघरं. ते चित्र तुलनेने नवं आहे. ज्याची जमीन एका जागी आली, तो गावातून उठून आपल्या जमिनीच्या मध्यावर राहायला गेला. लॅक्स्टनच्या शेतकऱ्याचे पट्टे मात्र गावाच्या तिन्ही बाजूंना पसरलेले होते. एकीकडे राहायला जावं तर बाकीचे दोन्हीकडचे पट्टे लांब पडणार. सगळ्यांना सारखं जवळ पडेल असं ठिकाण एकच, गावाचा मध्य. घरं तिथे आहेत ती जमिनीच्या वाटणीमुळे.

तीन शेतं, तीन वर्षं

आता ही वाटणी नीट समजून घेऊ, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे.

लॅक्स्टनचं उघडं शिवार तीन मोठ्या भागांत आहे: साउथ फील्ड, वेस्ट फील्ड आणि मिल फील्ड. म्हणजे दक्षिणेचं, पश्चिमेचं आणि गिरणीचं शेत. तिन्ही मिळून आज साधारण पाचशे एकराच्या आतबाहेर. दर वर्षी यातल्या एका शेतात हिवाळी गहू असतो. तो शरद ऋतूत पेरतात आणि पुढच्या उन्हाळ्यात काढतात. दुसऱ्या शेतात वसंतात पेरायची पिकं: पूर्वी बार्ली, वाटाणा, घेवड्याच्या जातीची कडधान्यं. तिसरं शेत पड टाकलेलं. पुढच्या वर्षी पाळी बदलते. गव्हाच्या शेतात वसंताचं पीक, वसंताच्या पिकाचं शेत पड, आणि पड असलेल्यात गहू. तीन वर्षांनी चक्र पुन्हा पहिल्या जागी.

पड का टाकायची? रासायनिक खतं नव्हती तेव्हा दोन वर्षं पिकवलेल्या जमिनीला विसावा लागायचा. शिवाय पड शेतावर गावाची मेंढरं चरायची आणि लेंडीखत जागेवरच पडायचं. चिकण जमिनीत माजलेलं तण उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा नांगरून मारायलाही हीच सवड. आज पड शेतावर चाऱ्याची पिकं घ्यायची मुभा आहे, त्यामुळे ते पूर्वीसारखं उघडंबोडकं दिसत नाही. पण तिसऱ्या वर्षी धान्य नाही, हा नेम टिकून आहे.

समजा एखाद्याची सगळी जमीन एकट्या वेस्ट फील्डमध्ये असती. मग ज्या वर्षी वेस्ट फील्ड पड, त्या वर्षी त्याच्या घरात दाणा आला नसता. म्हणून प्रत्येकाला तिन्ही शेतांत वाटा हवा. आणि एका शेतातही वाटा एका जागी नको. वरच्या अंगाला पाण्याचा निचरा बरा, खालच्या अंगाला चिखल. एक कोपरा लवकर वाफशावर येतो, दुसरा उशिरा. पट्टे विखुरलेले असले की बरं-वाईट सगळ्यांच्या वाट्याला येतं, आणि एखाद्या वर्षी खालची जमीन पावसानं गेली तर वरची हात देते. पट्टे विखुरण्याचं मूळ कारण कोणतं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. कुणी समान वाटपावर भर देतात, कुणी जोखीम विभागण्यावर, कुणी वारसांमध्ये झालेल्या तुकड्यांवर, तर कुणी नांगरावर.

नांगराचं कारण मला फार पटतं. इथली जमीन भारी, चिकण. मध्ययुगात ती फोडायला जड नांगर आणि त्याला अनेक बैल लागायचे. एवढे बैल एका साध्या कुणब्याच्या दावणीला कुठून असणार? मग आपल्याकडे इर्जिक करतात तसं, एकाचे दोन, दुसऱ्याचे दोन असं औत जुळवायचं आणि पाळीपाळीनं सगळ्यांचे पट्टे नांगरायचे. औत सामाईक झालं की पिकाचं वेळापत्रकही सामाईक होतं.

त्याचा उलटा अर्थही लक्षात घ्यायला हवा. अशा शिवारात एकट्यानं वेगळं काही करता येत नाही. शेजारी गहू कापून मोकळे झाले, धसकटांवर गावाची जनावरं सोडायची वेळ आली, आणि तुम्ही मध्येच सलगम लावून बसलात, तर ती जनावरं तुमचे सलगम खाणारच. बांध नसल्यामुळे प्रत्येकाचा निर्णय दुसऱ्याच्या शेतात शिरतो. म्हणून कुणीतरी ठरवणारं लागतं, आणि ठरलेलं मोडलं तर दंड करणारंही.

फर्लांग आणि गुंठा

इथे जरा आडवाटेला जातो, पण ती वाट आपल्या सातबाऱ्यापर्यंत येते.

नांगराला अनेक बैल जुंपले की वळवणं हे मोठं काम. म्हणून तास जितकं लांब काढता येईल तितकं बरं. बैल दम न घेता जेवढं ओढतील तेवढी तासाची लांबी, ती फर्लांग. इंग्रजीत हा शब्द ‘तास’ आणि ‘लांब’ या दोन जुन्या शब्दांचा जोड आहे. पुढे ती 220 यार्ड, म्हणजे 660 फूट अशी पक्की झाली. आपल्या आजोबांच्या पिढीला ‘मैलभर, वर दोन फर्लांग’ असं अंतर सांगायची सवय होती. तो शब्द असा नांगरामागून आलेला आहे. एका औतानं दिवसभरात साधारण जेवढं नांगरून व्हावं ते एक एकर: लांबी एक फर्लांग आणि रुंदी 66 फूट. लांबच लांब, अरुंद पट्टी. प्रत्यक्षातले पट्टे कमी-जास्त असायचे, जमिनीच्या उतारानं वाकायचे, पण मापामागची कल्पना ही.

1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मुंबई इलाख्यात जमीनमोजणीची जी पद्धत बसवली, तिच्यात एकराचे 40 गुंठे आणि गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. मोजणीची शंकू साखळी 33 फुटांची. ही साखळी त्या जुन्या इंग्लिश पट्टीवर टाकून बघा. लांबीला 20 वेळा बसते, रुंदीला 2 वेळा. वीस दुणे चाळीस. आपल्या उताऱ्यावरचा ‘0 हे. 40 आर’ आता हेक्टरमध्ये असला तरी बोलण्यात एकर-गुंठा आहे, आणि त्या एकराचा मूळ आकार लॅक्स्टनसारख्या शिवारातला आहे.

नांगर वर्षानुवर्षं एकाच दिशेनं माती पट्ट्याच्या मध्याकडे लोटत राहिला की मध्ये उंचवटा आणि कडेला खोलगट सरी तयार होते. मध्य इंग्लंडमधल्या कित्येक कुरणांत आजही तिरप्या उन्हात असे सरी-वरंबे दिसतात. शेती जाऊन शतकं झाली, वर गवत वाढलं, तरी जमिनीनं औताची चाल धरून ठेवलीय. बरेच वरंबे सरळ नसतात, टोकाशी हलकेच वळतात. लांबलचक औत वळवायला आधीपासून तिरपं घ्यावं लागायचं, त्याचं ते वळण.

गवताचा लिलाव

उघड्या शेतांमध्ये मधूनमधून गवताच्या लांबट चिंचोळ्या पट्ट्या आहेत. ओहोळाकाठची, चढउताराची, नांगर चालणार नाही अशी जागा. लॅक्स्टनमध्ये त्यांना ‘साइक’ म्हणतात. या जागा कुणा एकाच्या नाहीत. दर वर्षी उन्हाळ्यात तिथल्या गवताचा लिलाव होतो, जिंकणारा ते कापून वाळवून चाऱ्याला नेतो, आणि आलेले पैसे गावातल्या हक्कदारांत वाटले जातात. हा हक्क जुन्या चराईच्या हक्कातून आलेला आहे. पूर्वी प्रत्येक जुन्या घरासोबत सामाईक जागेवर ठरावीक जनावरं चारायची परवानगी असायची.

साइकवर कधी नांगर फिरला नाही आणि फारशी खतं पडली नाहीत. त्यामुळे तिथे रानफुलांच्या अशा जाती टिकल्या ज्या आसपासच्या सुधारलेल्या कुरणांतून नाहीशा झाल्या. आज या पट्ट्यांना निसर्गसंरक्षणाचा कायदेशीर दर्जा आहे. फुलं जपायची म्हणून कुणी हे केलं नव्हतं. गवत सगळ्यांचं होतं, म्हणून एकट्याला ते मोडता आलं नाही, आणि फुलं वाचली.

कोर्ट

आता त्या ट्रॉलीतल्या माणसांकडे वळू. ते गावचे पंच, इंग्रजीत ज्युरी. त्यांचा एक मुख्य असतो. त्या दिवशी ते फक्त गव्हाचं शेत तपासतात. नव्यानं नांगरून पेरलेलं शेत तेच असतं, आणि अतिक्रमण होतं ते नांगरणीत. शेजाऱ्याच्या पट्ट्यात एक तास जास्त, पाणंदीच्या कडेला दोन तास जास्त, साइकच्या गवतात हातभर. नांगरणाऱ्याच्या मनात पाप असेलच असं नाही. ट्रॅक्टरवर बसून बांधाशिवाय सरळ रेघ धरणं अवघड आहे. पण दर तीन वर्षांनी हातभर सरकत गेलं तर एका पिढीत रस्ता नाहीसा होईल, हे गावाला पक्कं ठाऊक आहे.

तपासणी झाली की पंच डव्हकोटमध्ये जेवतात. आठवड्यानं तिथेच कोर्ट बसतं. त्याचं नाव कोर्ट लीट. जमीनदाराचा प्रतिनिधी, म्हणजे स्ट्युअर्ड, अध्यक्षस्थानी. हजेरी पुकारली जाते आणि गैरहजर राहणाऱ्याला नावापुरता दंड होतो. पंच आपल्या नोंदी मांडतात, ज्यानं हद्द ओलांडली त्याला दंड ठरतो. रक्कम लहानच. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, ज्यांच्यासोबत वर्षभर उठबस आहे त्यांच्यासमोर, नाव वाचलं जातं. दंडातली खरी धार ती.

हे नाटक नव्हे, हे मुद्दाम सांगायला हवं. मध्ययुगात इंग्लंडमध्ये बहुतेक जहागिरींना अशी कोर्टं होती. काळाच्या ओघात ती ओस पडली. 1977 च्या कायद्यानं संसदेनं उरल्यासुरल्या अशा कोर्टांचे न्यायाधिकार काढून घेतले. काहींना परंपरा म्हणून जमायची मुभा ठेवली, पण अधिकार गेले. त्या कायद्यात दोन अपवाद नावानिशी लिहिलेले आहेत. एक वेल्समधल्या डेन्बीचं भटक्या जनावरांचं कोर्ट, आणि दुसरं लॅक्स्टनच्या जहागिरीचं कोर्ट लीट. लॅक्स्टनच्या पबमध्ये बसणाऱ्या पंचांचा निर्णय म्हणून आजही कायद्याला धरून असतो.

गावात एक कोंडवाडाही आहे. आपल्या गावांमधून होता तसाच, मोकाट जनावरं कोंडायचा. बिनबांधाच्या शिवारात सुटलेलं जनावर म्हणजे सगळ्यांच्याच पिकाला धोका, त्यामुळे कोंडवाड्याचा राखणदार हा गावच्या कारभारातला मानाचा माणूस.

गाव कुणाचं होतं

आतापर्यंत शेतकऱ्यांबद्दल बोललो, पण जमीन मुख्यतः त्यांची नव्हती. ते कुळं. वर जमीनदार.

इंग्लंड जिंकल्यावर विल्यम राजानं 1086 मध्ये जी मोठी पाहणी करवली, त्या डूम्सडे दफ्तरात लॅक्स्टन आहे. नॉर्मन सरदार जेफ्री ॲल्सेलिनच्या नावावर. दफ्तरात 22 व्हिलन, म्हणजे जमिनीला बांधलेले कुणबी, 7 त्याहून लहान धारक आणि काही गुलामांची नोंद आहे. नॉर्मन काळातच गावाच्या उत्तरेला मातीचा किल्ला उभा राहिला. उंच टेकाड आणि भोवती खंदक. लाकूड-दगड गेलं, पण टेकाड आणि खंदक आजही स्पष्ट दिसतात. नॉटिंगहॅमशरमधल्या अशा किल्ल्यांत तो उत्तम राहिलेला आहे. इथले धनी, द कॉ आणि त्यांच्यानंतर द एव्हरिंगहॅम, शेरवुडच्या शाही जंगलाचे वंशपरंपरागत रखवालदार होते. एव्हरिंगहॅम घराण्यातल्या एका स्त्रीची ओक लाकडात कोरलेली मूर्ती गावच्या सेंट मायकल चर्चमध्ये आहे. त्या काळच्या सरदारी मूर्ती बहुतेक दगडातल्या. या परगण्यात लाकडातली एवढीच.

मग 1635 साल येतं, लॅक्स्टनच्या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं. तेव्हा गाव लंडनच्या सर विल्यम कोर्टन या धनाढ्य व्यापाऱ्याकडे होतं. त्यानं मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराकडून गावाची मोजणी करून घेतली. नकाशात प्रत्येक पट्टा आखला आणि सोबतच्या वहीत तो कुणाकडे, किती क्षेत्राचा, हे लिहिलं. नकाशात मोकळ्या जागी चिमुकली चित्रं आहेत: नांगर धरलेला माणूस, कापणी करणारे, शिकार, हरणं. मूळ प्रत आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तो नकाशा हातात घेऊन आज गावात फिरलं तर रस्ते, चर्च, घरांच्या जागा आणि शेतांची ठेवण बरीचशी जुळते. इंग्लंडमध्ये उघड्या शिवाराचा अभ्यास करणारा कुणीही लॅक्स्टनला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही, ते यामुळे.

हा कोर्टन आपल्यालाही अनोळखी नाही. त्याच 1635 मध्ये त्यानं चार्ल्स राजाकडून पूर्वेकडे व्यापार करायचा परवाना मिळवला. ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी डावलून. त्याच्या मंडळीची सहा जहाजं जॉन वेडेलच्या हाताखाली 1636 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडहून निघाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गोव्याला लागली. पुढे कारवारला 1638 मध्ये याच मंडळीनं वखार घातली. जहाजं गोव्याला पोचली तेव्हा कोर्टन हयात नव्हता, तो मे महिन्यातच वारला होता. पण लॅक्स्टनच्या कुळांच्या पट्ट्यांची बारकाईनं केलेली मोजदाद आणि मांडवीच्या मुखाशी टाकलेले नांगर, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पैशानं, एकाच सुमारास घडल्या. खंडाचा पै न् पै हिशेब ठेवणं आणि जोखमीच्या जहाजांत पैसा घालणं ही एकाच धंद्याची दोन अंगं होती.

कोर्टनच्या पश्चात गाव पिअरपॉन्ट घराण्याकडे गेलं. तेच पुढे अर्ल मॅन्व्हर्स झाले, आणि तीनशे वर्षं धनी राहिले.

बाकीच्या गावांचं काय झालं

बाकीच्या गावांत बांध आले. इंग्रजीत त्याला ‘एन्क्लोजर’ म्हणतात, कुंपणबंदी म्हणू. सुरुवातीला जमीनदार आपापसांत ठरवून करत. 18 व्या शतकाच्या मध्यापासून संसदेत गावागणिक कायदा करून सर्रास होऊ लागलं. आयुक्त यायचे, मोजणीदार साखळी टाकायचा, विखुरलेले पट्टे एकत्र करून प्रत्येकाला एका जागी तुकडा द्यायचे आणि त्याला कुंपण घालायची मुदत ठरायची. 1604 ते 1914 या काळात असे 5,200 च्या वर कायदे झाले आणि 68 लाख एकर जमीन त्यांच्याखाली आली. इंग्लंडच्या क्षेत्रफळाचा एक पंचमांशाहून थोडा जास्त भाग.

कुंपणबंदीचे फायदे खरे होते. शेतकऱ्याला हवं ते पेरता आलं, चर खणून निचरा करता आला, आपल्या जनावरांची पैदास वेगळी राखून सुधारता आली. पण किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. ज्याच्याकडे कागद होता त्याला तुकडा मिळाला, तोही मोजणीचा, वकिलाचा आणि कुंपणाचा खर्च सोसून. लहान धारकाला तो खर्च झेपला नाही तर त्यानं तुकडा विकला. आणि ज्याच्याकडे कागद नव्हता, नुसती वहिवाट होती, एक गाय सामाईक गवतावर चारायची, कापणीनंतर सरवा वेचायचा, झुडपातलं जळण आणायचं, त्याच्या हातात बहुतेक ठिकाणी काहीच उरलं नाही. तो मजूर झाला, किंवा शहराच्या वाटेला लागला. ही गोष्ट वाचताना माझं मन त्या गाय गेलेल्या माणसाकडेच जातं. त्याचा हक्क खरा होता, फक्त तो कुठे लिहिलेला नव्हता.

लॅक्स्टन यातून पूर्ण सुटलं असं नाही. 1635 ला जेवढं उघडं शिवार होतं त्याचा मोठा भाग पुढच्या काळात टप्प्याटप्प्यानं कुंपणात गेला. पण मधला गाभा राहिला. कारणं अगदी साधी. मॅन्व्हर्स सगळ्यात मोठे धनी होते, एकमेव नव्हते. दुसरे बडे धनी अर्ल ऑफ स्कारब्रो. अदलाबदलीचा मेळ त्यांच्यात वेळेवर बसला नाही. त्यात छोटे स्वतंत्र मालकही होते. पुढे 1870 नंतर अमेरिकेचं स्वस्त धान्य येऊ लागलं, इंग्लिश शेती मंदीत गेली, आणि कुंपणावर खर्च करायचं कुणाच्या मनात आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इस्टेटीनं बारीक पट्टे जोडून मोठे केले. त्यामुळे आजचे पट्टे मध्ययुगीन रुंदीचे नाहीत. पण तीन शेतं, पाळी आणि कोर्ट तसंच राहिलं, आणि पट्टे मोठे झाल्यामुळेच ट्रॅक्टर आल्यावर ही शेती मोडीत निघाली नाही, असं मला वाटतं.

तोवर हे गाव जगावेगळं आहे हे सगळ्यांना कळलं होतं. 1952 मध्ये सहाव्या अर्ल मॅन्व्हर्सनी गाव कृषिमंत्रालयाला विकलं, ही पद्धत जपली जावी म्हणून. 1981 मध्ये ते राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेलं. 2020 मध्ये ते मॅन्व्हर्स घराण्याच्या वारसांच्या थोर्सबी इस्टेटकडे परत आलं. प्रत्येक वेळी मालक बदलताना गावाला एकच धास्ती होती: नवा धनी कोर्ट चालू देईल ना? पट्टे कसणाऱ्याला दुसरीकडे कुंपणातली जमीनही लागते, कारण नुसत्या पट्ट्यांवर आज घर चालत नाही. इस्टेटीनं ती दोन्ही एकत्र खंडानं दिली, तर तरुण शेतकरी इथे राहतो. दिली नाही तर खुंट्या ठोकायला माणसं उरणार नाहीत.

गावात अजून एक ठिकाण आहे ज्याचा शेतीशी संबंध नाही, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. 1995 मध्ये इथल्या एका जुन्या शेतघरात ज्यूंच्या संहाराच्या स्मरणार्थ केंद्र सुरू झालं. ते आज ब्रिटनचं राष्ट्रीय होलोकॉस्ट केंद्र आहे. शाळकरी मुलं बसनं येतात, बागेतल्या गुलाबांमधून फिरतात, आणि त्यांच्या बसच्या काचेतून साउथ फील्डचा गहूही दिसत असेल.

डिसेंबर उजाडायच्या सुमारास डव्हकोटमध्ये कोर्टाचं काम आटोपत येतं. दंड ठरलेले असतात, वर्षभरातली गाऱ्हाणी ऐकून झालेली असतात. मग पुढच्या वर्षीच्या पंचांना बायबलवर हात ठेवून शपथ दिली जाते. त्यांचं शेत आता पड आहे. त्यात गहू पडेल तो येत्या शरद ऋतूत, आणि तो बोटभर वर आला की ते ट्रॉलीत खुंट्या भरून त्याच्याकडे निघतील.